जर्मन आख्यायिकांतल्या बायका : दोष कधी चिकटला?

ग्रिम बंधूंच्या परीकथा सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांनीच १८१६ आणि १८१८ साली दोन खंडांत पाचशेहून अधिक आख्यायिका छापल्या, त्या मात्र फारशा वाचल्या जात नाहीत. जर्मनमध्ये आख्यायिकेला ‘झागे’ म्हणतात. परीकथा आटपाट नगरात घडते. झागेला खरा डोंगर, खरा किल्ला, पुष्कळदा खरं नावही असतं. त्यामुळे तिच्यातली बाई जुन्या दप्तराशी ताडून पाहता येते, आणि पाहावीच.

कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यातली पांढऱ्या वस्त्रातली बाई घ्या. आख्यायिका सांगते : विधवा कुनिगुंडेचा होहेनझोलर्न या राजघराण्यातल्या आल्ब्रेख्टवर जीव जडला. “चार डोळे नसते तर लग्न केलं असतं,” असं तो म्हणाला. त्याच्या मनात होते त्याचे आईवडील; तिला वाटलं, आपली दोन मुलं. तिनं सुई टोचून दोघांना मारलं आणि पुढे त्या घराण्यात मृत्यू यायचा झाला की ती दिसू लागली. दप्तरात काय आहे? ओर्लामुंडच्या या कुनिगुंडेला मूलच नव्हतं. १३४० मध्ये नवरा वारला, किल्ला होहेनझोलर्नांकडे गेला. तिनं न्यूर्नबर्गजवळ जोगिणींचा मठ स्थापला आणि तिथली मठाधिपती म्हणून १३८२ मध्ये ती वारली. निपुत्रिक बाईच्या माथी बालहत्या मारली गेली, हे वाचून आजही राग येतो.

लोरेलायचं प्रकरण वेगळं, कारण तिथे आधी बाईच नव्हती. सांक्ट गोआर्सहाउझेनजवळचा तो कडा ऱ्हाइन नदीपासून १३२ मीटर उंच. पात्र तिथे अरुंद होऊन वळतं, पाण्याखाली खडक, म्हणून नावा फुटायच्या. कड्याची ख्याती प्रतिध्वनीची. नावातलं ‘लाय’ म्हणजे त्या भागातल्या बोलीत पाटीचा दगड. १८०१ मध्ये कवी ब्रेंटानोनं कवितेत बाई आणली : बाखाराखची, प्रियकरानं फसवलेली, बिशपकडे मरण मागणारी आणि शेवटी कड्यावरून पडणारी. १८२४ मध्ये कवी हाइनेनं तिचं दुःख काढून टाकलं. उरले सोनेरी केस, फणी, गाणं आणि बुडणारा नावाडी. कथा जुन्या काळची आहे असं त्यानं कवितेतच म्हटलं, नंतर संगीतकार झिल्शरची चाल घरोघर गेली, आणि लोक तिला प्राचीन समजू लागले.

हेसेमधल्या माइसनर डोंगरावरची होले बाई खरोखर जुन्या लोकसमजुतीतली. तान्ही बाळं तिच्या तळ्यातून येतात, ती अंथरूण झटकते तेव्हा बर्फ पडतं, कष्टाळू मुलीची चाती ती रातोरात सुतानं भरते, आळशी मुलीचं कातकाम नासवते.

वाइन्सबर्गच्या बायकांचं बरं झालं. ११४० मध्ये वेढा घालणाऱ्या राजा तिसऱ्या कोनराडनं त्यांना खांद्यावर मावेल तेवढं न्यायची मुभा दिली. त्यांनी नवरे उचलले. राजाच्या भावानं हरकत घेतली, पण राजा दिलेल्या शब्दाला जागला. किल्ल्याला आता ‘वायबरट्रॉय’, म्हणजे बायकांची निष्ठा, म्हणतात. राजाला त्याच्याच शब्दात पकडणारी त्यांची हुशारी या नावात आलेली नाही.