डोक्यातल्या वॉचमनची सुट्टी

संध्याकाळी माझं हे हमखास होतं. समोरच्या मेलमधली एकच ओळ चार-पाच वेळा वाचतो, डोळे शेवटच्या शब्दापर्यंत जाऊन येतात, शब्द सगळे ओळखीचे असतात पण आत काही म्हणजे काही उतरत नाही. मग 'जरा ब्रेक घेऊ' म्हणून फोन उचलायचा, अर्धा तास रील्स बघायच्या आणि परत मेलकडे यायचं, तर ती ओळ तिथेच आणि मी आधीपेक्षा जास्त आंबलेला. बरं अंग म्हणावं तर दमलेलं नसतं, दिवसभर खुर्चीतच तर बसलोय. झोपही आलेली नसते. मग दमलंय ते नक्की काय?

याचं मला पटलेलं उत्तर बरंच जुनं आहे. १८९० मध्ये विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की लक्ष दोन प्रकारचं असतं. एक आपोआप जातं, म्हणजे काहीतरी हललं, चमकलं, आवाज झाला की मान वळतेच, त्याला कष्ट पडत नाहीत. दुसरं मुद्दाम लावावं लागतं, कंटाळवाण्या रिपोर्टमध्ये लावतो तसं. पुढे मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या नवराबायकोने हा धागा उचलला आणि १९८९ पर्यंत त्याची नीट थिअरी मांडली. तिचं सार असं की दुसऱ्या प्रकारचं लक्ष वापरून वापरून थकतं, आणि ते भरून यायला निसर्गातला वेळ फार उपयोगी पडतो.

इथे एक गंमत आहे जी माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. आपल्याला वाटतं लक्ष देणं म्हणजे एका गोष्टीकडे बघणं. पण खरे कष्ट बघण्याचे नसतातच, ते बाकीच्या शंभर गोष्टींना 'नको' म्हणण्याचे असतात. शेजारचा माणूस फोनवर बोलतोय, नको ऐकू. नोटिफिकेशन आलंय, नको बघू. उद्याच्या मीटिंगचं काय, आत्ता नको. डोक्याच्या गेटवर एक वॉचमन बसलाय आणि तो दिवसभर माणसं परत पाठवतोय असं समजा. कपाळामागचा मेंदूचा जो भाग आहे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्याचा या कामात मोठा वाटा असतो. संध्याकाळपर्यंत वॉचमन पेंगतो आणि मग गेटमधून कोणीही आत शिरतं, म्हणून ती ओळ डोक्यात जात नाही, तिच्या आधी दहा जण घुसलेले असतात. चिडचिड वाढते तीही यामुळेच, कारण तोंडावर आलेलं बोलणं गिळायला लागतो तोही हाच वॉचमन.

आता रील्सचं बघा. लक्ष तिकडे आपोआप जातं हे खरं, मग आराम का मिळत नाही? कॅप्लन यांचं यावर एक छान निरीक्षण आहे. ओढून घेणाऱ्या गोष्टीही दोन प्रकारच्या असतात. काही गच्च पकडतात, म्हणजे गाड्यांची रेस, थ्रिलर, भांडण, तिथे लक्ष आपोआप जातं पण डोक्यात इंचभरही जागा उरत नाही. आणि काही हलकेच धरतात. फोन रेसच्याच गटातला असं माझं मत, वर तिथे दर काही सेकंदांनी हे बघू का पुढे जाऊ याचा निर्णयही घ्यायचा असतो. म्हणजे वॉचमनला सुट्टी दिली म्हणायचं आणि दुसऱ्या गेटवर बसवायचं.

हलकेच धरणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर एखाद्या झाडाखाली बसून जमिनीवरचे उन्हाचे कवडसे बघा. वारा आला की सगळे एकदम सरकतात, दोन कवडसे एकमेकांत मिसळतात, एखादा विझतो आणि थोड्या वेळाने बाजूलाच पुन्हा उमटतो. नजर त्यांच्यामागे जाते पण ते काही मागत नाहीत, उत्तर नको, लाईक नको. बघता बघता मध्येच मनात कालचं काहीतरी येतं, जातं, परत कवडसे. (ते इतके गोल का असतात हेही एकदा शोधा, पानांमधली बारीक फट कसल्याही आकाराची असो, खाली पडते ती सूर्याची गोल प्रतिमा.) ढग, पाण्याच्या लाटा, पाऊस, मुंग्यांची रांग, सगळं याच जातीचं.

हे सगळं ऐकायला गोड आहे पण मोजणार कसं? एक छोटी टेस्ट आहे, आत्ताच करून बघा. हे आकडे एकदा वाचा, डोळे मिटा आणि उलट्या क्रमाने म्हणा: ७, २, ९, ४, १, ८. सोपं वाटतं पण मधेच अडखळायला होतं, कारण सगळे आकडे मनात धरून ठेवायचे आणि शिवाय सरळ क्रम जिभेवर येतोय त्याला 'नको' म्हणायचं. वॉचमनचंच काम.

२००८ मध्ये मार्क बर्मन, जॉन जोनिडिस आणि स्टीफन कॅप्लन यांनी अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरात हीच टेस्ट वापरली. लोकांना आधी डोक्याला ताण देणारं काम देऊन दमवलं, मग जवळपास तासभर चालायला पाठवलं, कोणाला झाडांच्या मोठ्या बागेत तर कोणाला रहदारीच्या रस्त्यांनी. अंतर साधारण तेवढंच, आणि कोणी शॉर्टकट मारू नये म्हणून हातात जीपीएसवालं घड्याळ. आठवड्याने अदलाबदल, बागवाले रस्त्यावर आणि रस्तेवाले बागेत. बागेतून आल्यावर उलट्या आकड्यांचा स्कोअर साधारण २० टक्क्यांनी वाढला, रस्त्यावरून आल्यावर फारसा नाही. चालणं दोन्हीकडे होतंच, म्हणजे नुसत्या व्यायामाचा हा परिणाम म्हणता येत नाही. रस्त्यावर हॉर्न आहेत, सिग्नल आहे, समोरून येणाऱ्याला चुकवायचंय, तिथे वॉचमन झोपला तर गाडीखाली जाल.

पण या प्रयोगातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हे चालणं वेगवेगळ्या ऋतूंत झालं होतं, काही जणांच्या वाट्याला तिथला कडाक्याचा जानेवारी आला, आणि त्यांना ते फिरणं अजिबात आवडलं नाही. तरी स्कोअर वाढला. मूड किती सुधारला आणि स्कोअर किती वाढला याचा एकमेकांशी संबंध सापडला नाही. म्हणजे प्रसन्न वाटलं म्हणून डोकं चाललं असं नाही. आपण निसर्ग म्हटलं की लगेच आनंद, शांती, ध्यान असलं काहीतरी शोधायला जातो आणि ते मिळालं नाही की 'आपल्याला नाही बुवा जमत' म्हणून परत येतो. इथे तर कुडकुडत, वैतागून चाललेल्यांनाही फायदा झालाय. मला हे फार दिलासा देणारं वाटतं, कारण मी निसर्गात गेलो की पहिली दहा मिनिटं डासांचाच विचार करतो.

अंगावर होणारा परिणाम हा जरा वेगळा विषय, पण त्यातला एक अभ्यास सांगितल्याशिवाय राहवत नाही. रॉजर उलरिख यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका हॉस्पिटलचे जुने कागद काढले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, त्यातल्या निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांना विटांची भिंत. वय, सवयी वगैरे बघून जोड्या लावल्या. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, झाडंवाल्यांना जोरदार पेनकिलर कमी लागल्या आणि नर्सच्या नोंदींमध्ये त्यांच्याबद्दलच्या तक्रारीही कमी. हे लोक बागेत फिरले नव्हते हं, पडल्या पडल्या खिडकीतून बघत होते एवढंच.

मेंदूच्या आत काय होतं तेही थोडंफार बघितलं गेलंय. ग्रेगरी ब्रॅटमन आणि स्टॅनफर्डमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये लोकांना ९० मिनिटं चालवलं, अर्धे गवताळ-झाडीच्या भागात, अर्धे मोठ्या रहदारीच्या रस्त्याकडेने. झाडीतून आलेल्यांनी सांगितलं की तेच तेच उगाळणं कमी झालं, म्हणजे 'मी असं का बोललो, तिला काय वाटलं असेल' ही जी रात्री दोन वाजताची कॅसेट असते ती, आणि मेंदूचा जो भाग या उगाळण्याशी जोडला जातो तिथली हालचालही स्कॅनमध्ये कमी दिसली. २०२२ मध्ये बर्लिनमध्ये ६३ जणांवर असाच प्रयोग झाला, एक तास जंगलात किंवा गजबजलेल्या बाजाररस्त्यावर. भीती आणि ताणाच्या वेळी जागा होणारा मेंदूतला भाग, अमिग्डाला, जंगलातून आल्यावर शांत झालेला दिसला, रस्त्यावरून आल्यावर जसा होता तसाच.

आता जरा पाणी घालू. यातले बरेच प्रयोग लहान आहेत, चाळीस-साठ माणसांचे. लक्षाच्या सगळ्याच टेस्टमध्ये फरक दिसतो असंही नाही, उलट्या आकड्यांसारख्या काहींत दिसतो आणि काहींत काहीच नाही. २०१२ मधला एक गाजलेला प्रयोग आहे, चार दिवस फोनशिवाय रानात राहिलेल्यांचा कल्पकतेचा स्कोअर ५० टक्क्यांनी जास्त आला, पण तो निसर्गामुळे की फोन नसल्यामुळे हे वेगळं काढता येत नाही असं संशोधकांनी स्वतःच कबूल केलंय. आणि आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवा असा जो आकडा सगळीकडे फिरतो तो इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीतला आहे, २०१९ ची. तेवढा वेळ घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं, मग तो वेळ एकदम काढलेला असो की तुकड्यातुकड्यांत. पण तब्येत चांगली असणारेच जास्त बाहेर पडतात असंही असू शकतं ना. तेव्हा तो आकडा औषधाच्या डोससारखा घेऊ नका.

एवढं सगळं असून आपण जात का नाही? वेळ नाही हे झालं नेहमीचं. कॅनडात एलिझाबेथ निस्बेट आणि जॉन झेलेन्स्की यांनी २०११ मध्ये याचं एक भारी कारण दाखवलं. त्यांच्या विद्यापीठात इमारती जोडणारे भुयारी रस्ते आहेत, थंडीत त्यातूनच ये-जा चालते. काही विद्यार्थ्यांना भुयारातून चालवलं, काहींना बाहेरून झाडापाण्याच्या वाटेने, आणि निघायच्या आधी कसं वाटेल याचा अंदाज विचारला. बाहेर चालणाऱ्यांना अंदाजापेक्षा बरंच छान वाटलं, आणि भुयाराबद्दलचा अंदाज उलट वास्तवापेक्षा गोड निघाला. थोडक्यात घरातल्या सोफ्याला आपण उगाच जास्त मार्क देतो.

हे वाचल्यापासून मी जायचं की नाही हे मनाला विचारणं बंद केलंय, त्याचा अंदाज चुकतो हे माहितीच झालंय. परवा असाच मेल अर्धवट टाकून उठलो, फोन मुद्दाम टेबलावर ठेवला आणि एका झाडाखाली जाऊन बसलो. एक मुंगी कुठल्यातरी किड्याचा पंख ओढत नेत होती, पंख तिच्या चौपट, वारा आला की शिडासारखा उभा व्हायचा आणि मुंगीच मागे ओढली जायची. एकदा पंख गवताच्या काडीत अडकला तेव्हा तिने तो सोडला, पलीकडे जाऊन आली, दुसऱ्या टोकाला धरून ओढायला लागली. किती वेळ बघत होतो माहीत नाही, फोन नव्हता तर कळणार कसं. परत आलो तेव्हा मेलचं उत्तर चार ओळींत झालं. उलटे आकडे मात्र पाचच जमतात अजून, सहाव्याला घोटाळा होतो.