अवटु-अल्पक्रियता

गळ्याच्या पुढील भागात श्वासनलिकेला बिलगून असलेल्या अवटू (थायरॉइड) ग्रंथीतून थायरॉक्सिन व ट्रायआयोडोथायरोनिन ही संप्रेरके (हॉर्मोन) शरीराच्या गरजेपेक्षा कमी स्रवू लागल्याने उद्भवणारी अवस्था. हायपोथायरॉइडिझम या नावाने ती अधिक परिचित आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण बरेच जास्त आढळते.

गलगंडाचे, म्हणजे ही ग्रंथी फुगण्याचे, वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात येते. मात्र तेथे भर गळ्यावरील सुजेवर आहे. गलगंड असूनही ग्रंथीचे कार्य सुरळीत राहू शकते आणि गलगंड नसतानाही ते मंदावू शकते, त्यामुळे त्या वर्णनात प्रस्तुत विकार पाहणे सयुक्तिक वाटत नाही. आधुनिक वैद्यकात विल्यम गल यांनी १८७३ मध्ये लंडनमध्ये प्रौढ स्त्रियांमधील या अवस्थेची नोंद केली आणि १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी तिला मिक्सिडीमा हे नाव दिले. ग्रंथीशी असलेला तिचा संबंध प्रथम कोणी ओळखला, याविषयी मतभेद आहेत. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांना हीच लक्षणे जडतात, असे जिनीव्हाचे जाक-लुई रेव्हर्डिन यांनी १८८२ मध्ये व बर्नचे थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये मांडले, आणि अग्रमानावरून दोघांत वाद झाला. निरीक्षणाचा मान रेव्हर्डिन यांना, तर शस्त्रक्रियोत्तर अवस्था, मिक्सिडीमा व बालकांतील जडवामनता (शरीर व बुद्धीची वाढ खुंटणे) या तिन्हींचे मूळ एकच असावे, असे १८८३ मध्ये सुचविणारे फेलिक्स सेमन यांना त्या एकसूत्रीकरणाचा मान देणे अधिक न्याय्य दिसते. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने १८८८ मध्ये सेमन यांचेच मत उचलून धरले. १८९१ मध्ये जॉर्ज मरी यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून रुग्णाला बरे केले आणि १९१४ मध्ये एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले.

ही संप्रेरके बनविण्यास लागणाऱ्या आयोडीनची उणीव हे जगभरातील जुने कारण होय. मुंबईसारख्या शहरात मात्र, स्वतःच्याच ग्रंथीवर प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) हल्ला होणारा हाशिमोटो विकार हे प्रमुख कारण मानले जाते. शस्त्रक्रिया, लिथियम व अमिओडारोन यांसारखी औषधे आणि अतिक्रियाशील ग्रंथीवरील किरणोत्सारी आयोडीनचे उपचार ही अन्य कारणे आहेत. या उपचारांसाठी परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून प्रसिद्ध आहे. आठ शहरांत झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत हा विकार आढळला. मुंबई, गोवा व चेन्नई येथील एकत्रित प्रमाण ९.४५ टक्के, तर किनाऱ्यापासून दूर असलेल्या शहरांचे ११.७३ टक्के होते. हा फरक मासळीतील आयोडीनमुळे असावा, असे सुचविले जाते. परंतु याच पाहणीत सुमारे २२ टक्के लोकांच्या रक्तात टीपीओ प्रतिपिंडे, म्हणजे स्वतःच्याच अवटू ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे, आढळली, हे पाहता केवळ आहारावर बोट ठेवणे पुरेसे वाटत नाही. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांतले खडेमीठ समुद्राचे, म्हणून त्यात आयोडीन पुरेसे असेल, हा समजही चुकीचा आहे. समुद्री मिठात ते नगण्य असते व मुद्दाम मिसळावे लागते.

थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, घोगरा आवाज, मंद नाडी, डोळ्यांभोवती सूज, पाळीतील अनियमितता व वजनात माफक वाढ ही लक्षणे होत. थंडी सोसवत नाही ही तक्रार मुंबईच्या उकाड्यात झाकली जाते आणि वातानुकूलित कचेरीत किंवा एसी लोकलमध्ये जाणवण्याची शक्यता अधिक असते. यांपैकी कोणतेही लक्षण केवळ याच विकाराचे नाही. घर, नोकरी व लोकलचा प्रवास सांभाळणाऱ्या बाईचा थकवा कामामुळेच असणार, असे गृहीत धरून वर्षे जातात, ही खेदाची गोष्ट आहे, कारण रक्तातील टीएसएच (अवटूला चालना देणारे पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक, जे अवटू मंदावली की वाढते) व फ्री टी-४ (मुक्त थायरॉक्सिन) मोजले की बहुतेक वेळा निदान होते. टीएसएच वाढलेले पण टी-४ प्राकृत असल्यास विकार सौम्य मानतात. टीएसएच लिटरमागे १० मिलियुनिटच्या वर गेल्यास सहसा उपचार सुरू करतात, त्याखालील वाढीत, विशेषतः वृद्धांत, थांबून पुन्हा तपासणे योग्य ठरते. नवजात बाळात मात्र लक्षणे बहुधा दिसतच नाहीत आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार न झाल्यास बुद्धीचे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणून जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतील रक्ताच्या थेंबावर होणारी तपासणी कोणत्याही बाळाची चुकू नये.

उपचार लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीने होतो. प्रौढांस पूर्ण मात्रा दर किलो वजनास सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते. वृद्ध व हृदयरोगी यांना १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून आरंभ करून ती हळूहळू वाढवितात. गोळी सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी व चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने करावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. औषधाला दमट हवा बाधते, म्हणून पावसाळ्यात बाटलीचे झाकण घट्ट लावून ती मोरी व शेगडीपासून दूर ठेवणे इष्ट. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहतात, कारण औषधाचा परिणाम स्थिरावण्यास तेवढा काळ लागतो. अहवाल प्राकृत आला तो गोळीमुळे, म्हणून ती परस्पर बंद करू नये. गर्भधारणा होताच मात्रा साधारणतः २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते, त्यामुळे डॉक्टरांना लगेच कळवावे. शिजवलेली कोबी-फुलकोबी नेहमीच्या प्रमाणात वर्ज्य नाही. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात; ते किमान दोन दिवस आधी थांबवावे.