अंगवळणी पडलेली गाडी आणि भाड्याची गाडी: अडखळण्यामागचा इतिहास

मराठवाड्यात ‘भाड्याची गाडी’ म्हटले की गाडीबरोबर ड्रायव्हर गृहीतच धरलेला असतो. लग्नकार्य, तुळजापूरचे दर्शन, पुण्याच्या किंवा हैदराबादच्या दवाखान्याची फेरी अशा कामांसाठी ‘स्पेशल गाडी’ केली जाते, आणि त्या गाडीचा क्लच किती वर धरतो, रिव्हर्स कुठे पडतो ही काळजी मालकाने पाठवलेल्या माणसाची असते. किल्ली आपल्या हातात घेऊन परकी गाडी स्वतः चालवायची, हा सेल्फ ड्राइव्हचा प्रकार आपल्याकडे अलीकडचा आहे. तो रुळू लागला तशी एक तक्रारही वरचेवर कानावर येऊ लागली, ती अशी की वीस-वीस वर्षे गाडी चालवलेला माणूस भाड्याच्या गाडीत पहिला तासभर नवशिक्यासारखा अडखळतो.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव याहून वेगळा नाही. फेब्रुवारीत उसाच्या ट्रॉलीने घासल्यामुळे घरची बारा वर्षांची वॅगनआर आठवडाभर गॅरेजला होती, म्हणून बीडला जाण्यासाठी छत्रपती संभाजीनगरातून युरोपीय बनावटीची एक गाडी दोन दिवसांकरिता घेतली. झाल्टा फाट्यावर उजवीकडे वळताना सवयीने उजव्या हाताने स्टिअरिंगजवळची दांडी खाली ओढली, तेव्हा इंडिकेटर लागण्याऐवजी कोरड्या काचेवरून वायपर एकदा किरकिरत फिरला आणि मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. आडूळ येईपर्यंत हे आणखी तीनदा झाले. गेवराईच्या पंपावर गाडी लावली, तर टाकीचे झाकण पलीकडच्या अंगाला निघाले. पंपावरचा पोरगा शांतपणे म्हणाला, “काका, टाकी तिकडून हाय, फिरवून घ्या.” बीडच्या गल्लीत रिव्हर्स टाकताना काय झाले, ते पुढे येईलच.

या अडखळण्याला वयाचा किंवा हुशारीचा दोष देणे बरोबर नाही. मोटारीच्या काही भागांना गेल्या शंभर वर्षांत एकच एक ठरलेली जागा मिळाली आणि काही भाग कारखानदाराच्या मर्जीवर राहिले. पहिल्या प्रकारच्या भागांकडे आपले लक्षही जात नाही. भाड्याच्या गाडीत त्रास होतो तो केवळ दुसऱ्या प्रकारच्या भागांचा, आणि त्यातल्या प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आहे.

सर्वांत जुनी आणि पक्की तडजोड पायांखाली आहे. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक आणि उजवीकडे ॲक्सिलरेटर ही मांडणी आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते, पण १९०८ साली आलेल्या फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या गाडीत ती नव्हती. त्या गाडीला तीन पेडल होती खरी. मात्र डावे पेडल पूर्ण दाबले की पहिला गिअर, मधले दाबले की रिव्हर्स आणि उजवे दाबले की ब्रेक, असा त्यांचा हिशेब होता, तर वेग कमी-जास्त करण्याची दांडी स्टिअरिंगच्या चाकाखाली होती. आजचा कोणीही कसलेला चालक त्या गाडीत बसला आणि घाबरून सवयीने मधले पेडल दाबू लागला, तर गाडी मागे जाईल. आजची मांडणी १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ या गाडीत प्रथम एकत्र आलेली दिसते, आणि १९२२ साली इंग्लंडमध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या, स्वस्त गाडीमुळे ती सामान्य लोकांपर्यंत पोहोचली. तरीही इंग्लंडच्या काही गाड्यांत ॲक्सिलरेटर मधोमध असण्याची पद्धत १९३० च्या दशकापर्यंत टिकून होती.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवावीशी वाटते. मोटार भाड्याने देण्याचा धंदा याच मॉडेल टीवर उभा राहिला. अमेरिकेत ओमाहा येथे जो सॉन्डर्स याने १९१६ साली आपली मॉडेल टी भाड्याने देण्यास सुरुवात केली, आणि १९१८ साली शिकागोत वॉल्टर जेकब्स याने डझनभर मॉडेल टी घेऊन असाच व्यवसाय थाटला, जो १९२३ मध्ये जॉन हर्ट्झ यांनी विकत घेतला. त्या काळच्या अमेरिकेत चालकाला बहुधा मॉडेल टीच येत असे आणि भाड्यालाही मॉडेल टीच मिळे. म्हणजे पेडलची मांडणी कितीही विचित्र असली, तरी घरची आणि भाड्याची गाडी एकच असल्यामुळे गिऱ्हाईक अडखळण्याचा प्रश्नच नव्हता. वॉरन एव्हिस याने १९४६ साली डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर भाड्याच्या गाड्या ठेवल्या, तोपर्यंत गाड्यांचे प्रकार बरेच वाढलेले होते आणि विमानातून उतरलेला प्रवासी थेट परक्या गाडीत बसू लागला होता.

इंडिकेटरच्या दांडीचा इतिहास मात्र आजही संपलेला नाही. आपल्याकडे इंग्रजांच्या पद्धतीप्रमाणे वाहने डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे गिअर डाव्या हाताला येतो. वळताना डावा हात गिअरवर गुंतलेला असतो, म्हणून इंडिकेटर उजव्या हाताला असावा हा विचार सरळ आहे, आणि पूर्वीच्या अनेक इंग्लिश गाड्यांत तो तसाच असे. पुढे युरोपातल्या कारखान्यांनी डाव्या स्टिअरिंगच्या आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना दांड्यांचा एकच संच बसवणे पसंत केले, कारण दोन वेगळे संच घडवण्याचा खर्च वाचत होता. त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे आले तरी इंडिकेटर डावीकडेच राहिला. जपानमध्ये घरच्याच बाजारात उजवे स्टिअरिंग असल्याने तिथल्या कारखान्यांना ही काटकसर करण्याचे कारण नव्हते. डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या सहकार्याने मारुती ८०० भारतात आली आणि तिच्याबरोबर उजव्या हाताचा इंडिकेटर देशभर अंगवळणी पडला.

मराठवाड्याचा या गोष्टीशी थेट संबंध आहे तो छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीमुळे. श्कोडाच्या ऑक्टाव्हिया या गाडीची जुळणी तिथे २००१ साली सुरू झाली, आणि पुढे फोक्सवॅगन व आउडी यांच्या काही गाड्याही त्याच आवारात जोडल्या गेल्या. म्हणजे डाव्या हाताच्या इंडिकेटरच्या गाड्या जालना रोडवरून दहा-पंधरा मैलांवर तयार होत होत्या, आणि शहरातला बहुतेक चालकवर्ग उजव्या हाताच्या सवयीचा होता. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातल्या उद्योजक, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या खरेदी केल्या, तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली. मर्सिडीजमध्ये तर इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डाव्या बाजूच्या एकाच दांडीवर असतात आणि काही मॉडेलमध्ये उजव्या बाजूची दांडी ही चक्क गिअरची असते. नव्या गाडीचा मालक आठवडाभर चुकतो आणि मग हाताला वळण लागते. दोन दिवसांसाठी गाडी घेणाऱ्याला वळण लागेपर्यंत गाडी परत करण्याची वेळ येते.

रिव्हर्सची कथा छोटी आहे. मारुतीच्या पाच गिअरच्या गाड्यांत तो साधारणपणे उजवीकडे खाली, पाचव्या गिअरच्या रेषेत असतो. फोक्सवॅगन-श्कोडाच्या घराण्यात दांडी खाली दाबून डावीकडे वर न्यावी लागते, तर आणखी काही गाड्यांत दांडीच्या मानेवरचे कडे बोटांनी उचलावे लागते. पुढे जाताना चुकून रिव्हर्स पडू नये, हा सगळ्यांचा हेतू एकच. प्रत्येकाने त्यासाठी वेगळी कडी शोधली आणि कोणालाही बदलण्याची सक्ती झाली नाही. बीडच्या गल्लीत दाबायचे हे ठाऊक नसल्यामुळे रिव्हर्सऐवजी पहिला पडला आणि समोरच्या ओट्यापासून गाडी वीतभर अंतरावर थांबली. ओट्यावर बसलेल्या आजींनी पाय वर घेतले, बोलल्या काही नाहीत.

सक्ती झाली असती तर काय झाले असते, हे ऑटोमॅटिक गिअरच्या इतिहासात दिसते. अमेरिकेत १९४० च्या सुमारास ऑटोमॅटिक गाड्या आल्या तेव्हा खुणांचा क्रम कंपनीगणिक वेगळा होता. काहींमध्ये रिव्हर्स अगदी शेवटी, पुढे जाण्याच्या सावकाश गिअरला लागून होता, त्यामुळे दुसऱ्याची गाडी घेतलेला माणूस पुढे जायचे म्हणून मागे जाई. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकन वकील राल्फ नेडर यांनी १९६० च्या दशकात या प्रकारावर जाहीर टीका केली, आणि १९६८ पासून अमेरिकेत अमलात आलेल्या सुरक्षा नियमांनी पुढे जाणे व मागे जाणे यांच्यामध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे असे ठरवून दिले. आज जगभर पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह हा क्रम पाठ असतो तो त्यामुळे. आपल्याकडे मात्र २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून स्वस्त एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा, आली आणि तिच्या दांडीवर पार्किंगची खूणच नव्हती. गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, हे सांगणारा कोणी नसेल तर मोठ्या ऑटोमॅटिक गाडीतून तिच्यात आलेला माणूस ‘पी’ शोधत बसतो.

पेट्रोलच्या झाकणाबाबत नियम झाला नाही, पण उपाय निघाला, आणि तो परक्या गाडीतल्या त्रासातूनच निघाला. फोर्डमध्ये काम करणारे जिम मॉयलन हे १९८६ साली कंपनीची गाडी घेऊन निघाले असता भर पावसात पंपावर चुकीच्या बाजूने लागले आणि भिजले. परत येऊन त्यांनी काट्याशेजारी झाकणाची बाजू दाखवणारा छोटा बाण छापावा अशी सूचना लिहून दिली. १९८९ च्या मॉडेलपासून तो बाण फोर्डच्या गाड्यांत दिसू लागला आणि आज बहुतेक सर्व गाड्यांत असतो. गेवराईलाही तो बाण माझ्या डोळ्यांसमोरच होता. स्वतःच्या गाडीत बारा वर्षे त्याची गरज पडली नव्हती, म्हणून तो बाण कशाचा हेच ठाऊक नव्हते.

हे प्रश्न जगाला एवढे जुने असताना आपल्याला आत्ताच का भेटले, याचे उत्तर आपल्या रस्त्यांच्या इतिहासात आहे. निजामाच्या राज्यात सरकारी रस्ता वाहतूक १९३२ साली रेल्वेच्या अखत्यारीत २७ बसगाड्यांनी सुरू झाली, आणि तेव्हापासून पुढची पन्नासएक वर्षे मोटार ही इथल्या माणसासाठी दुसऱ्याने चालवायची वस्तू राहिली: बस, सरकारी जीप, पुढे काळी-पिवळी. घरच्या गाड्या होत्या त्यांत निवड फारशी नव्हती. अॅम्बेसेडर आणि फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, या दोन गाड्यांनी देशाची दोन-तीन दशके काढली, आणि दोन्हींचा गिअर बराच काळ स्टिअरिंगलाच होता. ज्याला फियाट येई त्याला भावाची, साडूची, शेजारच्या वकिलाची फियाटही येई. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाल्यावर सिएलो, एस्कॉर्ट, सँट्रो, इंडिका, होंडा सिटी एकामागून एक आल्या, तेव्हा ही एकजिनसी सवय मोडली.

दुचाकीवाल्यांनी हा धडा आधीच गिरवला होता. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे, तर इतर बहुतेक मोटारसायकलींचे याच्या उलट. संभाजीनगरशेजारच्या वाळूजला १९८५ पासून स्कूटर तयार होऊ लागल्या, त्यांचा गिअर डाव्या मुठीत. एका घरात बुलेट आणि स्कूटर दोन्ही असतील, तर धाकट्या भावाने ब्रेकऐवजी गिअर दाबल्याची एखादी हकिगत हमखास ऐकायला मिळते. त्याही आधी शेतकऱ्यांना हे ठाऊक होते. वारंगुळ्याने, म्हणजे शेतकऱ्यांनी आपापसांत बैलांची देवाणघेवाण करण्याच्या रीतीने, बैल आणायचा तर तो उजव्या अंगाचा की डाव्या अंगाचा हे आधी विचारत, कारण डावीकडे चालायची सवय असलेला बैल उजवीकडे जुंपला तर नांगराचे तास सरळ निघत नाही.

स्वतः चालवायची भाड्याची गाडी आपल्याकडे उशिरा आली, याला कायद्याचेही कारण आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या आधारे १९८९ साली ‘रेंट अ कॅब’ योजना आली. तिच्यात परवाना मागणाऱ्याकडे किमान ५० गाड्या असाव्यात अशी अट होती. मुंबई-बंगळूरला ही अट पेलणारे व्यावसायिक निघाले. परभणी, हिंगोली किंवा धाराशिवच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे पन्नास गाड्या कुठून असणार? म्हणून त्याने पिवळ्या पाटीची गाडी आणि पगारी ड्रायव्हर हाच धंदा चालू ठेवला. स्वतः चालवायच्या गाडीची काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरे इकडे इतकी अपरिचित आहेत, की टोलनाक्यावर लोक आजही वळून पाहतात. घरगुती पांढऱ्या पाटीची गाडी गुपचूप भाड्याने देणारेही आहेत. ते नियमात बसत नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न गिऱ्हाइकाच्या गळ्यात येतो.

पगारी ड्रायव्हरांच्या काळात एक रीत होती. एकाने दुसऱ्याच्या ताब्यात गाडी देताना तिच्या खोडी सांगून मगच किल्ली द्यायची: पहिला जरा दाबून टाक, क्लच वर धरतो, चढाला हँडब्रेकवर भरवसा ठेवू नको. ती रीत कुठेही लिहिलेली नव्हती, म्हणून सेल्फ ड्राइव्हच्या कागदांतही ती उतरली नाही. मी सही केलेल्या ताब्याच्या कागदावर गाडीचे चारही बाजूंचे चित्र होते, ओरखड्यांवर गोल करण्यासाठी. टाकीत किती रेघा पेट्रोल आहे, स्टेपनी व जॅक आहे का, किलोमीटर किती, डिपॉझिट किती, हे सर्व होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी परत केली तेव्हा तिथल्या मुलाने टॉर्च लावून दारे, बंपर बारकाईने पाहिले आणि विचारले, “काही त्रास नाही ना झाला, सर?” मी रिव्हर्सचे सांगितले. तो हसून म्हणाला, “हो, ते दाबावं लागतं. समदेच इचारतात,” आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद भरायला बसला.