ग्रंथपाल (व्यवसाय)

ग्रंथालयातील साहित्याची निवड, नोंद, वर्गीकरण व जपणूक करणारी आणि ते नेमक्या वाचकापर्यंत पोहोचवणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे ग्रंथपाल. वाचनाची आवड म्हणून अनेक जण या व्यवसायात येतात. मात्र कामाच्या वेळात वाचायला मिळेल ही आशा फार दिवस टिकत नाही.

पूर्वी हे काम एखाद्या विद्वानाकडे सोपवले जाई. तत्त्वज्ञ लाइब्निट्स १६९१ पासून जर्मनीतील वोल्फेनब्युटेलचे ग्रंथालय सांभाळत होते. ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण १८८७ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी पुस्तकांची दशांश वर्गीकरण पद्धत काढणारे मेल्विल ड्यूई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथालयशाळा काढली. पहिल्या तुकडीतील २० जणांपैकी १७ स्त्रिया होत्या. हे विश्वस्तांना रुचले नाही आणि १८८९ मध्ये शाळा ऑल्बनीला हलली. आज बहुतेक देशांत पदवीनंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राचा अभ्यासक्रम करावा लागतो; अमेरिकेत पदव्युत्तर पदवी ही सर्वसाधारण अट आहे. मूळ पदवी कोणत्याही विषयाची चालते. विज्ञान किंवा कायदा शिकलेल्यांना विशेष ग्रंथालयांत उलट मागणी असते.

अभ्यासक्रमात वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची बनवणे) आणि संगणकीय नोंदी शिकवल्या जातात. संदर्भसेवा, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधून देणे, मात्र वाचकांसमोर बसूनच अंगवळणी पडते. वाचक विचारतो, ‘औषधी वनस्पतींची पुस्तके कुठे आहेत?’ त्याला बोधांक (पुस्तकाची फळीवरची जागा दाखवणारा क्रमांक) सांगून मोकळे होता येते. पण दोन प्रश्न विचारले, की कळते त्याला एकच गोष्ट हवी आहे: चालू गोळ्यांबरोबर अमुक काढा घेतला तर चालेल का? मग शोधाची दिशाच बदलते. उपचार सुचवणे ग्रंथपालाचे काम नव्हे. विश्वासार्ह माहिती दाखवून पुढचे डॉक्टरांवर सोडायचे, ही मर्यादाही शिकावी लागते.

गंमत म्हणजे या व्यवसायाला वळण देणारे काही जण बाहेरूनच आले. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन आधी गणित शिकवत होते. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांनी या शास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. पुढे त्यांनी लंडनला जाऊन ते घेतले आणि १९३३ मध्ये विषयाचे पैलू द्विबिंदूने (:) जोडणारे द्विबिंदू वर्गीकरण मांडले. १९६० च्या दशकात संगणकीय तालिकेसाठी ‘मार्क’ हा नोंदीचा साचा घडवणाऱ्या हेन्रिएट एव्हरम मुळात संगणक प्रोग्रॅमर होत्या.

सुरुवात बहुधा देवघेव विभागातून किंवा साहाय्यक पदावरून होते. पुढची वाट अरुंद आहे: एका ग्रंथालयात मुख्य ग्रंथपाल एकच, ती खुर्ची रिकामी होईपर्यंत खालच्यांनी थांबायचे किंवा संस्था बदलायची. अभिलेखागार, संशोधन-विदा (डेटा) व्यवस्थापन, डिजिटल संग्रह असे आडवे रस्तेही आहेत. वर चढावे तशी पुस्तके दूर जातात. अंदाजपत्रक, नियतकालिकांचे परवाने आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्या टेबलावर येतात. जुनी, कोणी न नेलेली पुस्तके निर्लेखित करण्याच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकण्याच्या, यादीवर सहीही त्याच टेबलावर होते.