पार्श्वभूमी : ‘अपत्योत्पत्तीस अयोग्य’ हे कुठून आलं?

हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात 1955 साली मनोविकाराबद्दल एकच ओळ होती : लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणी जडबुद्धी किंवा वेडं नसावं. 1976 च्या दुरुस्तीने त्या ओळीची तीन पोटकलमं झाली. पहिलं संमतीचं : मन ताळ्यावर नसल्यामुळे वैध संमती देता न येणं. तिसरं वेडाचे किंवा अपस्माराचे झटके वारंवार येण्याचं. त्यातला अपस्मार 1999 मध्ये गेला, वेड राहिलं. खरा घोळ मधल्या पोटकलमात आहे. माणूस संमती देऊ शकत असला, तरी त्याचा मनोविकार अशा प्रकारचा किंवा इतका असेल की तो ‘विवाहास आणि अपत्योत्पत्तीस अयोग्य’ ठरेल, तर त्याच्या जोडीदाराला ते लग्न कोर्टातून रद्द करून घेता येतं.

‘अपत्योत्पत्तीस अयोग्य’ म्हणजे नेमकं काय, हे कायदा सांगत नाही. मूल होणार नाही? मूल सांभाळता येणार नाही? की आजार मुलात उतरेल? पहिल्या दोन अर्थांसाठी समोरच्या माणसाची आजची अवस्था तपासता येते. तिसऱ्यासाठी घराण्याकडे बोट दाखवलं की काम भागतं आणि लग्नाच्या बैठकीपासून वकिलाच्या नोटिशीपर्यंत तोच अर्थ चालतो. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये पुराव्याची पट्टी बरीच वर नेली : गोळ्या चालू आहेत एवढ्यावरून बाई अयोग्य ठरत नाही, तिला नेहमीसारखा संसार करणं अशक्य आहे हे सिद्ध करावं लागतं. घटस्फोटाच्या तेराव्या कलमात स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या गंभीर मनोविकाराचं थेट नाव आहे; तिथेही 1988 पासून नुसतं निदान पुरत नाही, आजाराची तीव्रता दाखवावी लागते. मजकूर मात्र जागेवरच आहे.

तिसरा अर्थ धरला, तर हे कलम चुकीच्या माणसाला पकडतं. 1989 साली डेन्मार्कमधून एकाच बीजांडाच्या जुळ्यांचा अभ्यास आला. जोडीतल्या एकाला स्किझोफ्रेनिया आणि दुसरा ठणठणीत, अशी जुळी त्यात होती. आजारी जुळ्यांच्या मुलांमध्ये स्किझोफ्रेनिया आणि तत्सम विकारांचा धोका 16.8 टक्के निघाला, निरोगी जुळ्यांच्या मुलांमध्ये 17.4. म्हणजे जनुकांचा वारसा दोघांकडून सारखाच जातो. कायद्याच्या नजरेत मात्र एक अयोग्य आणि दुसरा नवरदेव.

याच्या मागचा इतिहास थोडक्यात पुरे. 1916 मध्ये म्युनिकच्या एका मनोविकारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या भावंडांची पद्धतशीर मोजणी केली. आईवडील निरोगी असलेल्या घरांत सुमारे साडेचार टक्के भावंडं आजारी सापडली. एकाच सुप्त जनुकाचा खेळ असता तर हा आकडा 25 च्या आसपास हवा होता. हिशेब जुळत नाही, हे त्यालाच सर्वात आधी दिसलं होतं. तरी 1933 च्या जर्मन सक्तीच्या नसबंदी कायद्यावरच्या भाष्याचा तो सहलेखक होता. त्या कायद्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि उन्माद-अवसाद (आजचं बायपोलर) दोन्ही होते आणि सुमारे 4 लाख माणसांची नसबंदी झाली. त्यानंतर आनुवंशिकतेचं नाव काढणंही अवघड झालं आणि दोन दशकं सगळा दोष आईच्या वागण्यावर गेला. ते मत ढासळलं 1966 पासून. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांपासून जन्मानंतर तीन दिवसांत दूर झालेल्या 47 मुलांपैकी 5 जणांना मोठेपणी तोच आजार निघाला. तुलनेला घेतलेल्या 50 जणांत एकालाही नाही.

दवाखान्यांत स्किझोफ्रेनियाच्या धोक्याचा जो तक्ता अजून फिरतो, तो 1991 चा. सर्वसाधारण लोकांत 1 टक्का, सख्ख्या भावंडांत 9, आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर मुलांत 13, दोघांना असेल तर 46, एकाच बीजांडाच्या जुळ्यांत 48. हे आकडे युरोपातल्या 1920 ते 1987 दरम्यानच्या अभ्यासांची बेरीज आहेत आणि त्यातली बरीच घरं रुग्णालयात दाखल झालेल्या, म्हणजे जास्त आजारी असलेल्या माणसांमुळे मोजणीत आली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदवहीवरून 2010 मध्ये आलेले आकडे खाली उतरतात : दोघांना आजार असेल तर 27.3 टक्के, एकाला असेल तर 7, दोघांनाही नसेल तर 0.86. या मोजणीत 52 वर्षांपर्यंत रुग्णालयात नोंद झालेलेच धरले आहेत, त्यामुळे तीही थोडी कमी भरत असणार. आईला किंवा वडिलांना आजार असलेल्या शुभंकराला (रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला) सांगायचा आकडा 7 ते 13 च्या मध्ये कुठेतरी आहे. तो सांगताना ‘100 पैकी 87 ते 93 मुलांना होत नाही’ ही बाजूही मोठ्याने सांगावी.

‘स्किझोफ्रेनिया 80 टक्के आनुवंशिक’ हे वाक्य इथे सर्वात जास्त घात करतं. तो आकडा समाजातल्या माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल आहे, तुमच्या मुलाच्या नशिबाबद्दल नाही. उलट बाजूने, दहातल्या सुमारे सहा रुग्णांच्या जवळच्या किंवा दुसऱ्या फळीच्या (आजी-आजोबा, काका, मावशी अशा) नात्यात कुणीच आजारी सापडत नाही. ‘आमच्याकडे कुणाला नाही, मग हा आजार कसा?’ असं म्हणणारी घरं बहुतेक वेळा खरंच बोलत असतात.

बहुतेक वेळा, नेहमी नाही. घराण्याचा आराखडा निदान तीन पिढ्यांचा काढतात : पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आतून भरलेलं, वारलेल्यावर तिरकी रेघ. ‘घरात कुणाला मानसिक आजार?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येतं. म्हणून एकेका माणसाचं नाव घेऊन विचारावं लागतं : शिक्षण किंवा नोकरी अचानक कधी सुटली, झोपेशिवाय किती दिवस काढले, शॉक दिले होते का, लिथियमच्या गोळ्या चालू होत्या का, रक्त तपासायला पाठवायचे का. ‘आत्याला बाहेरची बाधा होती’, ‘काका घर सोडून गेले’, ‘आजीचा विहिरीत पाय घसरला’ ही वाक्यं तशीच लिहून ठेवायची, पण त्या चौकोन-वर्तुळांत प्रश्नचिन्ह टाकायचं. भरून टाकायची नाहीत. निदानातली एक चूक सगळा आराखडा फिरवते. 1987 मध्ये अमेरिकेतल्या आमिश पंथाच्या एका मोठ्या घराण्यात बायपोलरचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर ‘सापडलं’. पुढे निरोगी म्हणून धरलेले दोघे आजारी पडले, घराण्याच्या आणखी शाखा तपासल्या गेल्या आणि 1989 मध्ये तो दावा कोसळला.

एका जनुकाचा शोध त्यानंतरही बरीच वर्षं चालला. आता चित्र वेगळं आहे. 2022 मध्ये 76,755 रुग्णांच्या तपासणीत स्किझोफ्रेनियाशी संबंधित 287 ठिकाणं मिळाली. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. यांची बेरीज करून धोक्याचे गुण (स्कोअर) काढतात, पण गट मोजायला ते बरे, एका माणसाचं भविष्य सांगायला नाहीत. त्यातला बहुतेक नमुना युरोपीय वंशाचा असल्याने आपल्याकडे तर ते आणखी ढिले पडतात. एकाहून जास्त माणसं आजारी असलेल्या भारतीय कुटुंबांचा अभ्यास बंगळुरूत चालू आहे. तोवर असा गुण काढून देणाऱ्या खाजगी चाचणीवर पैसे घालवू नयेत.

एक अपवाद विचारण्यासारखा आहे. बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असेल, तर मोठेपणी सुमारे चौघांतल्या एकाला मनोविकृतीचा आजार होतो. शुभार्थीला (म्हणजे रुग्णाला) जन्मजात हृदयदोष, फाटलेली टाळू, नाकातून बोलणं, रक्तातलं कॅल्शियम कमी आणि शाळेत मागे पडणं यांतलं दोन-तीन असेल, तर मायक्रोअॅरे ही गुणसूत्रांचे बारीक तुकडेही पकडणारी चाचणी सुचवतात. तुकडा इतका लहान असतो की साध्या कॅरिओटाइपमध्ये (गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीत) तो बहुधा निसटतो, आणि ‘गुणसूत्रं नॉर्मल’ असा रिपोर्ट घेऊन घर निर्धास्त होतं. सापडला तर त्या माणसाच्या प्रत्येक मुलात तो जाण्याची शक्यता 50 टक्के. पण दहातल्या नऊ वेळा तो नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. म्हणून भावंडांच्या लग्नाची काळजी करण्याआधी आईवडिलांची तपासणी करावी.

मूल हवं असलेल्या जोडप्याशी बोलताना वारशापेक्षा गोळ्यांचा प्रश्न बहुतेकदा जास्त तातडीचा असतो. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट (बायपोलरवरचं एक औषध) चालू राहिलं, तर सुमारे 10 टक्के बाळांत जन्मजात व्यंग आणि 30 ते 40 टक्के मुलांत वाढीच्या किंवा शिकण्याच्या अडचणी दिसतात. यातला दुसरा आकडा वरच्या तक्त्यातल्या एका पालकाच्या आकड्याहून मोठा आहे आणि हे दोन्ही धोके औषध बदलून टाळता येतात. बदल दिवस राहण्याच्या कित्येक महिने आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा. घाबरून एका रात्रीत सगळ्या गोळ्या बंद केल्या, तर आजार उलटतो, आणि बायपोलर असलेल्या बाईला बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे त्या बाबतीत सर्वात धोक्याचे असतात.