चित्रप्रदर्शन भरवताय? छपाईचे काम देण्याआधी हे वाचा

हे पत्रक सोलापुरातले चित्रकार, कलाशिक्षक आणि हौशी चित्रमंडळे यांच्यासाठी आहे. निमंत्रणपत्रिका, पुस्तिका, चित्राशेजारची पट्टी, दारातला फलक हे सगळे एकाच यादीतून निघते. यादीतली एक चूक मग चार ठिकाणी छापली जाते. म्हणून आमच्याकडे पहिल्या भेटीला येताना डिझाइनची कल्पना नसली तरी चालेल, यादी हवी.

यादी

एक्सेलमध्ये आठ रकाने पुरतात: क्रमांक, चित्रकार, शीर्षक, माध्यम, चित्राचा आकार, फ्रेमचा आकार, वर्ष, किंमत. आकारात आधी उंची, मग रुंदी लिहा. फ्रेमचा आकार वेगळा विचारतो, कारण पुस्तिकेत चित्राचे माप छापले जाते आणि भिंतीवर फ्रेमचे लागते. चित्रकाराचे नाव तो स्वतः लिहितो तसेच घ्या. आद्याक्षरे, आडनाव, ऱ्हस्व-दीर्घ सगळे त्याच्याकडूनच तपासून घ्या.

क्रमांक एकदा दिला की बदलू नका. १७ वे चित्र ऐनवेळी आले नाही, तर १७ रिकामा राहू द्या. नवीन चित्र आले तर त्याला १८अ करा. मधला क्रमांक सरकवला की त्यापुढची प्रत्येक पट्टी आणि पुस्तिकेचे प्रत्येक पान चुकते.

यादी उद्घाटनाच्या ४५ दिवस आधी पक्की झाली, फोटो ३५ दिवस आधी आले आणि प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) १५ दिवस आधी सही होऊन मिळाले, तर पत्रिका वेळेत वाटता येतात. लग्नसराईत छापखाने पत्रिकांनी भरलेले असतात आणि गणपती-नवरात्रात फ्लेक्सवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा आणखी आठवडाभर जास्त धरा. संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याच्या यात्रेमुळे होम मैदान आणि सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला गर्दी असते. त्या भागातले सभागृह घेणार असाल तर चित्रांचा टेम्पो कुठे उभा राहणार, हे आधी बघा. एप्रिल-मेमध्ये दुपारी कोणी फिरकत नाही. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९ अशी वेळ ठेवा आणि ती पत्रिकेवर ठळक छापा.

चित्रांचे फोटो

फोटो फ्रेम करण्याआधी काढा. काच बसली की ट्यूबलाइट, खिडकी आणि फोटो काढणारा असे तिघेही चित्रात दिसतात. दोन सारखे दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर ठेवा. दिवे नसतील तर सावलीतला उजेड घ्या, थेट ऊन नको. कॅमेऱ्याचा मध्य आणि चित्राचा मध्य एका रेषेत असावा, नाहीतर चौकोनी चित्र पतंगासारखे येते. मोबाइलने काढत असाल तर जवळून साध्या लेन्सने काढू नका. मागे सरका आणि दुप्पट झूम घ्या, कडा वाकत नाहीत.

छपाईला प्रत्यक्ष मापात ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, लागतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे साधारण १३ × १० इंच. ए-५ पुस्तिकेला तो भरपूर झाला. घोळ होतो तो पाठवताना. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह आणा. लहान झालेला फोटो आम्ही ताणून मोठा करू शकतो, पण गेलेले बारकावे परत येत नाहीत.

रंगांबद्दल स्पष्टच सांगतो: पडद्यावर दिसतो तो प्रत्येक रंग कागदावर येत नाही. पडदा प्रकाशाचे तीन रंग मिसळतो, छपाई शाईचे चार. तेजस्वी भगवा, पोपटी आणि अल्ट्रामरीन निळा यांना सर्वात जास्त फटका बसतो. भगवा विटकरी होतो आणि निळा जांभळ्याकडे झुकतो. मॅट लॅमिनेशन केले की गडद भाग आणखी मंद होतो. म्हणून मूळ चित्रांपैकी दोन-तीन प्रूफच्या दिवशी घेऊन या आणि कागदाशेजारी ठेवून बघा. मोबाइलवर पाहून ‘रंग ओके’ म्हणू नका.

मराठी अक्षरे

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखा उघडतो त्या पद्धतीत, द्या. जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उघडते. ती बदलता येते, पण बदलताना रफार, ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ आणि काही जोडाक्षरे हमखास बिघडतात.

स्वतः डिझाइन करणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. फाँटमध्ये सोय असेल तर मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा. नाहीतर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. आणि शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांत अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते शोभते, देवनागरीत शिरोरेषा तुटते. रुंद वळणाचा फाँट निवडा, हवे तर आकार वाढवा. फाइल देताना अक्षरे कर्व्ह करून (अक्षरांचे चित्र करून) एक प्रत आणि तशीच एक प्रत अशा दोन द्या. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये नंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

शुद्धलेखनाची आमच्याकडे रोज दिसणारी चूक म्हणजे गावाचे नाव. ‘सोलापूर’ दीर्घ, पण ‘सोलापुरात’, ‘सोलापुरी’ ऱ्हस्व.

आपल्या गावात पत्रिका मराठीबरोबर कन्नड, तेलुगू किंवा उर्दूतही काढायची पद्धत चांगली आहे. तेलुगूची जोडाक्षरे ओळीखाली लोंबतात, त्यामुळे ओळींमध्ये मराठीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. उर्दू उजवीकडून चालते, तेव्हा पत्रिकेची घडीही उलटी धरावी लागते. त्या भाषेचे प्रूफ ती भाषा वाचणाऱ्यानेच बघावे. आम्ही फक्त अक्षरे तुटली नाहीत ना एवढे सांगू शकतो.

पुस्तिका

सेंटर पिन (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) पुस्तिकेची पाने ४ च्या पटीतच होतात. मजकूर २६ पानांचा असेल तर २८ पाने छापली जातील आणि २ कोरी राहतील. तिथे काय घालायचे ते आधी ठरवा. आतल्या पानांना १३० जीएसएम (कागदाचे दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) आर्ट पेपर, कव्हरला ३०० जीएसएम. आत १७० जीएसएम वापरून ४० पाने केली की मधली पाने बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त कापली जाते. पानांचे आकडे कडेला चिकटतात. जाड कव्हरला घडीआधी क्रीझ (घडीच्या जागी दाबलेली रेघ) मारून घ्या, नाहीतर घडीवर रंग फुटतो. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कटिंगमध्ये जाणारा जादा छापील भाग) सोडा. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून काळा केला आणि एखाद्या रंगाची प्लेट (छपाईचा पत्रा) केसभर सरकली तरी अनुस्वार भरून जातात.

प्रती ३०० च्या आत असतील तर बहुधा डिजिटल छपाई परवडते. त्यावर ऑफसेट (प्लेटवरून होणारी छपाई) बघावे, कारण प्लेटचा खर्च प्रती कितीही असल्या तरी तेवढाच.

टांगणी

चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा. खिळ्याची उंची अशी काढा: ५८ + फ्रेमची निम्मी उंची − फ्रेममागच्या ताणलेल्या तारेचे वरच्या कडेपासूनचे अंतर. फ्रेम २४ इंच उंच आणि तार ३ इंच खाली असेल तर ५८ + १२ − ३, म्हणजे ६७ इंच. वरच्या कडा एका रेषेत लावण्याचा मोह होतो. मोठी-लहान चित्रे एकत्र असताना ते चांगले दिसत नाही.

भाड्याचे ८ × ४ फुटी बोर्ड उभे लावले तर एका बाजूला ४ फूट मिळतात. २ फूट रुंद ४० चित्रे, मध्ये १ फूट जागा, म्हणजे १२० फूट, म्हणजे ३० बाजू, असा हिशोब करून १५ बोर्ड मागवले जातात आणि आदल्या रात्री कमी पडतात. चित्र दोन बोर्डांत वाटून टांगता येत नाही. एका बाजूला एकच चित्र बसते, म्हणून ४० बाजू, २० बोर्ड.

बोर्डांवर साधा मांजरपाट ताणा. सोलापुरी चादर पार्श्वभूमीला लावायची इच्छा बऱ्याच जणांना होते, पण तिची नक्षी चित्राशी भांडते. चादर दारात, उद्घाटनाच्या टेबलावर शोभते.

पट्टी चित्राच्या उजवीकडे, खालच्या कडेच्या रेषेत, ४ × २.५ इंच, ३ मिमी सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पुठ्ठ्यावर). शीर्षक निदान १६ पॉइंट. उन्हाळ्यात साधी दुहेरी टेप दुपारपर्यंत सुटते आणि निघताना भिंतीचा रंग घेऊन येते; कापडी बोर्डाला टाचणी बरी. पावसाळी हवेत, विशेषतः सप्टेंबरात, जलरंगाचा कागद फ्रेममध्ये फुगतो. त्याच्यामागे माउंट बोर्ड हवाच. दिवे रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वरचे मागा. स्वस्त ट्यूबखाली लाल रंग मरतो.

बाहेरचा फलक आणि क्यूआर

साधारण १० फुटांवरून नीट वाचायला १ इंच अक्षर लागते. रस्ता ६० फूट दूर असेल तर ६ इंच, आणि ही उंची मात्रा-वेलांटी सोडून मोजायची. १० × ६ फुटी फ्लेक्सला ७२ डीपीआय पुरे. त्यावर उद्घाटकाचा फोटो चित्रांपेक्षा मोठा असू नये, हे आमचे मत. ऐकायचे की नाही ते तुम्ही ठरवा. वळवाच्या वाऱ्यात फ्लेक्स कोपऱ्यातून फाटतो, म्हणून दर २ फुटांवर रिंग लावून घ्या. सार्वजनिक जागेवर लावायचा तर महापालिकेची परवानगी आधी काढा.

पत्रिकेवरचा क्यूआर २ सेमीपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा हवी आणि तो गडद रंगातच असावा. छापलेल्या प्रूफवरून दोन वेगवेगळ्या मोबाइलने स्कॅन करून बघा.

हक्क

चित्र विकले म्हणजे ते छापण्याचा हक्क विकला असे होत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे लेखी करार नसेल तर तो हक्क चित्रकाराकडेच राहतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. संग्राहकाकडून आणलेले चित्र पुस्तिकेत घालायचे असेल तर चित्रकाराची किंवा वारसांची लेखी परवानगी आणा. पैसे देऊन काढून घेतलेले व्यक्तिचित्र मात्र वेगळे. तिथे वेगळे ठरले नसेल तर हक्क काढून घेणाऱ्याचा.

प्रूफ

प्रूफ मजकूर टाइप करणाऱ्याने वाचू नये, दुसऱ्याने वाचावे. एकाने यादी मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवावे. तारीख आणि वार दिनदर्शिकेशी जुळवा. छापलेल्या नंबरवर फोन लावून बघा. प्रत्येक पानावर सही करा. सहीनंतर सापडलेल्या चुकीच्या पुनर्छपाईचा खर्च ग्राहकाकडे राहतो, प्रूफमध्ये बरोबर असून छपाईत बिघडलेले आम्ही पदरमोड करून पुन्हा छापतो.