शाळा बंद केली की मुलांचं भलं होतं म्हणे

"पट कमी आहे, शाळा बंद करा, पैसे वाचतील आणि मुलं मोठ्या शाळेत जास्त शिकतील" हे किती वर्षं फिरतंय. शिकागोत २०१३ ला एका झटक्यात ५० च्या आसपास शाळा बंद केल्या, तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं की मार्कांना सगळ्यात मोठा फटका बंदच्या घोषणेच्या वर्षीच बसला, म्हणजे जुनी शाळा चालू असतानाच, आणि गणितात मुलं पुढे चार वर्षं मागे राहिली. बचत म्हणाल तर ती मुख्यतः स्टाफ कमी केला तरच होते, रिकामी बिल्डिंग लवकर विकली जात नाही, वर तिच्या राखणीचा खर्च. येण्याजाण्याचा वेळ नि खर्च मात्र आईबापांच्या गळ्यात, तो हिशोबात कुणी धरतच नाही.